कॅबिनेट सॉची निवड : पंचेचाळीस अंशांनी अडवलेला निर्णय

घरच्या कार्यशाळेसाठी कॅबिनेट सॉ (बंद पेटीवर बसवलेली जड टेबल सॉ, जिच्या टेबलातून गोल पाते वर येते) निवडायची आहे. मागच्या लेखात जुन्या थ्री-फेज सॉचे पारडे जड असल्याचे लिहिले होते आणि वीजजोडणीचा प्रश्न सुटला की व्यवहार पुरा करायचा, असे जवळजवळ ठरलेच होते. तो व्यवहार आता थांबला आहे. पाते काटकोनात उभे असताना ही सॉ विलक्षण नेमकी आहे. पात्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजले, तर डायल गेजचा (सूक्ष्म अंतर दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाचा) काटा जेमतेम ०.०२ मिमी सरकतो. मात्र पाते ४५ अंशांत कलवले की तोच फरक ०.२२ मिमी होतो, आणि तोही वाईट दिशेने, म्हणजे पात्याची मागची बाजू फेन्सकडे (फळी जिला टेकवून सरकवतात त्या पट्टीकडे) झुकते. बेव्हल रिप करताना (पाते कलवून फळी लांबीच्या दिशेने चिरताना) फळी पाते आणि फेन्स यांच्यामध्ये आवळली जाण्यासाठी एवढा फरक पुरेसा आहे.

मोजण्याची पद्धत नेहमीचीच होती, तरी आकड्यांवर शंका येऊ नये म्हणून ती सांगतो. प्लग काढून ठेवला होता. गेज माइटर बारवर (टेबलातल्या लांब खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, सरकणाऱ्या दांडीवर) पक्का बसवला, बार स्लॉटमध्ये डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका कडेला कागदाची पट्टी चिकटवली, आणि पात्यावर एका दाताच्या आत, पोलादी चकतीवर खूण करून तीच खूण आधी पुढे व नंतर मागे आणून दोन्ही नोंदी घेतल्या. एकाच खुणेवर मोजल्यामुळे पात्याचा स्वतःचा वाक हिशेबात येत नाही. दोन्ही नोंदींमधले अंतर २०० मिमी ठेवले आणि गेजची दांडी दोन्ही वेळी आडवी, स्लॉटशी काटकोनात राहील याची काळजी घेतली. आर्बरच्या (पाते बसवलेल्या दंडाच्या) फ्लँजचा, म्हणजे पाते जिला टेकते त्या कडीचा, रनआउट (फिरतानाचा हेलकावा) वेगळा मोजला, तो ०.०२ मिमीच्या आतच निघाला. तेव्हा बेअरिंगवर आळ घेण्यातही अर्थ नव्हता.

हा दोष काटकोनात का दिसत नाही, हे समजून घेण्यात या वेळचा बहुतेक वेळ गेला, आणि उत्तर सापडल्यावर मात्र ते फार सुबक वाटले. पाते ज्या रेषेभोवती कलते, तो ट्रुनियनचा (पाते कलवणाऱ्या कमानीसारख्या आधाराचा) अक्ष टेबलाच्या पृष्ठभागाला समांतर असायला हवा. तो पुढून मागे किंचित चढत किंवा उतरत असेल, तर पाते उभे असताना काहीच बिघडत नाही, कारण उभ्या पात्याला टेबल थोडे वर कापले काय आणि थोडे खाली कापले काय, छेदरेषा तीच राहते. पाते कलले की मात्र उंचीतला प्रत्येक फरक आडव्या फरकात उतरतो. गणिताने मांडायचे तर स्लॉटपासूनचे विचलन हे अक्षाचा चढ गुणिले पाते कलण्याच्या कोनाचा टॅन्जंट इतके येते. शून्य अंशावर टॅन्जंट शून्य असतो, म्हणून दोष लपतो. ४५ अंशांवर तो बरोबर १ असतो, म्हणून गेजवर दिसलेला फरक म्हणजेच तेवढ्या लांबीतला अक्षाचा चढ असतो. माझ्या बाबतीत २०० मिमीमध्ये ०.२२ मिमी.

इथे एक शंका उरते. आर्बर स्वतःच ट्रुनियनच्या अक्षाशी काटकोनात नसेल, तरी ४५ अंशांवर असाच फरक दिसू शकतो, कारण काटकोनात टेबल फिरवून आपण तो दोष झाकलेला असतो. दोन्ही कारणे वेगळी कशी ओळखायची? २२.५ अंशांवरची एक जास्तीची नोंद हे काम करते. अक्षाचा चढ हेच कारण असेल, तर मधल्या कोनावरचा फरक ४५ अंशांवरच्या फरकाच्या ०.४१ पट यायला हवा. आर्बरचा दोष असेल, तर तो ०.२० पटीच्या आसपास राहतो. गेजने ०.०९ मिमी दाखवले. ०.२२ ला ०.४१ ने गुणले की तोच आकडा येतो. हा आकडा जुळला तेव्हा झालेला आनंद या छंदातल्या मंडळींना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. टेबल सॉ तपासण्याच्या जितक्या याद्या मी वाचल्या आहेत, त्यांत काटकोन आणि ४५ अंश असतात, पण २२.५ क्वचितच दिसतो. तो प्रत्येक यादीत असायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

कारण कळले की उपाय सोपा होता, आणि कॅबिनेट सॉ का घ्यावी याचे सर्वांत चांगले उत्तरही त्यातच आहे. कॉन्ट्रॅक्टर सॉमध्ये (उघड्या पायांवरच्या हलक्या टेबल सॉमध्ये) ट्रुनियन टेबलाच्या पोटाला लटकलेले असतात. त्यांना हात घालायचा म्हणजे सॉखाली आडवे पडून बोल्ट सैल करायचे, आणि पुढचा ट्रुनियन सरकवला की मागचा वेगळ्याच दिशेला जातो. कॅबिनेट सॉमध्ये ट्रुनियन कॅबिनेटला जोडलेले असतात आणि टेबल त्यावर वेगळे, साधारणपणे चार बोल्टांनी, बसवलेले असते. त्यामुळे पात्याला हात न लावता टेबल फिरवता येते, आणि हवे तेथे उचलताही येते. ही सॉ राइट टिल्ट आहे, म्हणजे पाते फेन्सकडे कलते. अशा सॉमध्ये मागची बाजू फेन्सकडे झुकत असेल, तर टेबलाची पुढची कड उचलावी लागते. लेफ्ट टिल्टमध्ये हेच लक्षण दिसले तर मागची. पुढच्या आणि मागच्या बोल्टांमधले अंतर ४८० मिमी भरले, तेव्हा लागणारी जाडी ०.२२ भागिले २०० गुणिले ४८०, म्हणजे ०.५३ मिमी.

विक्रेत्याने बोल्ट सैल करू दिले, हा त्याचा मोठेपणा. ०.५ मिमी जाडीच्या पितळी पत्र्यातून इंग्रजी यू अक्षरासारख्या दोन शिम (फट भरून काढणारे पातळ तुकडे) कापल्या आणि पुढच्या दोन्ही बोल्टांखाली सरकवल्या. टेबल सैल झाल्यामुळे काटकोनातली समांतरता पुन्हा लावावी लागली. त्यासाठी मागचा एक बोल्ट हलका आवळून त्याभोवती टेबल फिरवले आणि लाकडी हातोडीने टिचकीसारखे ठोके देत ते जागेवर आणले. बोल्ट आवळताना बिडाचे टेबल पिळले तर जात नाही ना, हे पाहण्यासाठी दोन्ही कर्णांवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा मापक) घातले, ०.१० मिमीचे पान कुठेही शिरले नाही. त्यानंतर काटकोनात ०.०२ मिमी आणि ४५ अंशांवर ०.०३ मिमी! नव्या यंत्रालाही यापेक्षा जास्त मागू नये.

मग निर्णय तहकूब का? टेबल खाली-वर करताना सॉचे पोट नीट पाहता आले, आणि तोवर ज्या गोष्टीकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते, ती समोर आली. या सॉला रिव्हिंग नाइफ (पात्याच्या मागे उभी राहून कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी) नाही. गार्डला जोडलेला जुन्या पद्धतीचा स्प्लिटर आहे, जो पात्याबरोबर कलतो खरा, पण खाली-वर होत नाही. त्यामुळे खाच पाडायची किंवा फळी उभी धरून टेनन (जोडाची जीभ) कापायची म्हटली की तो काढावाच लागतो, आणि एकदा काढलेला स्प्लिटर पुन्हा लावण्याचा कंटाळा किती लोक करतात, हे आपण सारे जाणतो. रिव्हिंग नाइफ पात्याबरोबर वर येते, खाली जाते आणि कलते, त्यामुळे पात्याच्या मागच्या दातांपासूनचे तिचे अंतर सतत तेवढेच, काही मिलिमीटरच, राहते. मागचे दात टेबलातून वर येत असतात. फळीची कड त्यांच्यावर चढली की ती उचलून कापणाऱ्याकडे भिरकावली जाते. २५४ मिमीचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग सेकंदाला ५३ मीटर होतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने येणाऱ्या फळीपुढे ०.०३ मिमीच्या समांतरतेचे कौतुक फिके पडते.

जुन्या सॉला नाइफ बसवता येईल का, याचा विचार हे लिहिता लिहिताही चालूच आहे. अडचण अशी की या सॉमध्ये आर्बर एका झुलत्या बाहूवर बसलेला आहे आणि वर येताना तो कमानीसारखा फिरतो. नाइफ त्या बाहूलाच जोडली, तर पात्यापासूनचे अंतर कायम राहील, पण पाते खाली-वर होताना तिचा कोन बदलत जाईल. पूर्ण उंचीवर योग्य दिसणारी नाइफ पाते खाली नेल्यावर त्याच्या माथ्यावरून वर डोकावेल, आणि मग खाच पाडताना तीच आडवी येईल. नव्या रचनांमध्ये आर्बर सरळ उभा सरकवला जातो किंवा समांतर दांड्यांची जोडणी वापरून नाइफचा कोन स्थिर ठेवला जातो. तेवढे काम घरच्या कार्यशाळेत करणे अशक्य नसेलही, परंतु ज्या भागावर बोटांची सुरक्षितता अवलंबून आहे, तो भाग प्रयोगासाठी निवडावा असे मला वाटत नाही.

थ्री-फेज मोटरचा प्रश्न त्या मानाने हलका होता. सिंगल-फेज पुरवठ्यावर चालणारी व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे विद्युत उपकरण) २३० व्होल्टची थ्री-फेज देते, तेव्हा मोटरच्या पाटीवर २३० डेल्टा आणि ४०० स्टार अशा तिच्या वेटोळ्यांच्या दोन्ही जोडण्या आहेत का, एवढे आधी पाहावे लागते. ज्या मोटरची डेल्टा जोडणीच ४०० व्होल्टची आहे, ती या मार्गाने पूर्ण ताकद देत नाही. सॉचा मूळ स्विच व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये ठेवता येत नाही. चालू-बंदची बटणे व्हीएफडीच्या नियंत्रण टर्मिनलांना जोडावी लागतात, आणि वीज जाऊन परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होणार नाही, हे सेटिंगमध्ये तपासून घ्यावे लागते. हे सर्व जमण्यासारखे होते. नाइफचे जमत नाही.

त्यामुळे आता कल नव्या, सिंगल-फेज, ३ हॉर्सपॉवरच्या लेफ्ट टिल्ट सॉकडे आहे. लेफ्ट टिल्टची एक गैरसोय मान्य करावी लागेल : तिच्यात आर्बरचा फ्लँज पात्याच्या डाव्या बाजूला असतो, म्हणून पात्याची जाडी बदलली की फरक फेन्सच्या बाजूला पडतो आणि फेन्सचे अंतर दाखवणाऱ्या उजव्या टेपचा (मोजपट्टीचा) शून्य हलतो. राइट टिल्टमध्ये हा त्रास नसतो. ३.२ मिमी आणि २.४ मिमी काप देणारी पाती आलटून पालटून वापरणाऱ्याला टेपचा दर्शक प्रत्येक वेळी सरकवावा लागेल, किंवा पहिला काप मोजूनच घ्यावा लागेल. तरीही बेव्हल करताना पाते फेन्सपासून दूर कलते आणि फळी पात्याखाली अडकत नाही, या फायद्यापुढे तो त्रास मी पत्करेन. नाइफ निवडताना मात्र दोन्ही पात्यांचा विचार हवा, कारण ती पात्याच्या चकतीपेक्षा जाड आणि कापापेक्षा पातळ असावी लागते. एकच नाइफ दोन्हींना चालेलच असे नाही.

बोट लागताच पाते थांबवणाऱ्या ब्रेकविषयी मागे बरीच चर्चा झाली होती. सॉस्टॉप या कंपनीची यंत्रणा त्वचेचा स्पर्श विद्युत संकेतावरून ओळखते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसवून पाते ५ मिलिसेकंदांच्या आत थांबवते. त्यात ब्रेकचे कार्ट्रिज वापरून संपते आणि पातेही सहसा निकामी होते. ओल्या लाकडावर ती चुकून सुटू शकते, म्हणून तात्पुरती बंद ठेवण्याची सोयही असते. हा खर्च एका बोटापुढे काहीच नाही, हे खरे आहे. परंतु हा ब्रेक किकबॅक (फळी कापणाऱ्याकडे भिरकावली जाणे) रोखत नाही, त्यामुळे तो असला तरी नाइफ आणि ४५ अंशांची चाचणी यांची जागा तो घेऊ शकत नाही. ब्रेकची सॉ माझ्या यादीत आहे, पण तीही त्याच गेजखालून जाईल.

विक्रेत्यांबद्दल एवढेच म्हणेन की हॉर्सपॉवर, टेबलाची चकाकी आणि फेन्सची लांबी यांवर ते हवे तेवढे बोलतात, आणि पाते कलवून गेज लावू का, असे विचारले की विषय बदलतात. ज्याने नकार न देता हँडव्हील (पाते कलवण्याचे चाक) हातात दिले, त्याच्याच नमुन्याचा आता गंभीरपणे विचार चालू आहे. तिथल्या प्रदर्शनातल्या सॉवर ४५ अंशांत ०.०८ मिमी आले. खोक्यातून निघणारी सॉ वेगळी असेल, हे गृहीत धरून पितळी पत्र्याचे ०.१, ०.२ आणि ०.३ मिमीचे तुकडे मी जपून ठेवले आहेत.

जुन्या सॉसाठी व्हीएफडी हळूहळू वेग वाढवून मोटर सुरू करणार होती, म्हणून सुरुवातीच्या झटक्याचा प्रश्न येत नव्हता. नव्या सॉची सिंगल-फेज मोटर मात्र थेट लाइनवर सुरू झाली की ती नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट खेचते. बी प्रकारचा एमसीबी (जास्त प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच) स्वतःच्या ठरलेल्या प्रवाहाच्या तीन ते पाच पटींवरच पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटींवर, आणि डी प्रकारचा दहा ते वीस पटींवर. सध्याच्या जोडणीत बी आहे. सॉ ठरण्याआधी स्वतंत्र केबल टाकून एमसीबी बदलून घ्यायचा आहे, आणि त्यासाठी वायरमनला बोलावले आहे.