सिकलसेल, उत्क्रांती आणि देवाचा न्याय

गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांतील अनेक आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकारासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लहान मुले हाडे दुखून तळमळतात. हे पूर्वजन्मीचे पाप किंवा देवाचा कोप आहे असे कोणी त्या मुलांच्या आईला सांगते, तेव्हा मला संताप येतो, कारण उत्क्रांतीने या आजाराची वेगळीच हकिकत उलगडून दाखवली आहे.

हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे हा आजार होतो. असे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले, तर मुलाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. दोघांकडून आले, तर मात्र सिकलसेल होतो. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे असे एकच जनुक असलेले, असतील, तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते. मलेरियाच्या प्रदेशांत नैसर्गिक निवडीने हे जनुक टिकवले, ते वाचलेल्या वाहकांमुळे. एका भावाला तारणारे आणि दुसऱ्याला छळणारे जनुक एकच आहे, आणि त्यात कोणाच्याही पापपुण्याचा हिशेब नाही.

आपल्याकडे उत्क्रांतीचा विषय निघाला की मत्स्य, कूर्म, वराह हा अवतारांचा क्रम तिच्याशी जुळतो म्हणून पुढे केला जातो. त्या साम्याने या मुलांच्या वेदनेचा प्रश्न जागचा हलत नाही. डार्विनला तो टोचत होता: जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या अळ्यांचे कीटक दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हेतुपूर्वक निर्मिले असतील हे आपल्याला पटत नाही, असे त्याने मे १८६०मध्ये एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिले. ग्रे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि तरीही अमेरिकेत उत्क्रांतीची बाजू त्यांनी ठामपणे मांडली.

मीही देव मानतो. प्रत्येक देह स्वहस्ते घडवणारा आणि आजार शिक्षा म्हणून धाडणारा देव मात्र मला आता मानता येत नाही; ज्याच्या नियमांतून सृष्टी स्वतःच उमलत जाते, असा देव मला अधिक खरा वाटतो. तरीही नियम त्याचे असतील, तर पंचवीस टक्क्यांत सापडलेल्या मुलाची वेदनाही त्याच नियमांतून आलेली आहे, आणि माझ्या श्रद्धेला त्याचे उत्तर अजून देता आलेले नाही.