राउटरची अर्ध्या तासाची चौकशी

राउटरचा लॉग वाचत बसायची मला खोड आहे. त्यात दर अर्ध्या तासाने तीच जोडी दिसते: डीएचसीपी रिक्वेस्ट (विनंती) आणि लगेच खाली डीएचसीपी ॲक (होकार). डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवर पत्ते ठराविक मुदतीसाठी वाटून देण्याची पद्धत. आमच्या नेटवाल्याने आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा क्रमांक, 3600 सेकंदांच्या बोलीवर दिलाय. पण राउटर तास भरायची वाट बघत नाही. निम्मी मुदत सरली की ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्यालाच थेट विचारतो, "हाच ठेवू ना?" होकार आला की पुढचा तासभर निश्चिंती. आपला व्हिडिओ कॉल चालूच राहतो.

सर्व्हर गप्प बसला तर? राउटर अधूनमधून विचारत राहतो. सात-अष्टमांश मुदत, म्हणजे 3150 सेकंद उलटले की मग कोणताही सर्व्हर चालेल म्हणून नेटवर्कभर हाकाटी. डीएचसीपीचे नियम सांगणाऱ्या 1997 च्या आरएफसी 2131 या दस्तऐवजात हे अंतर असंच सुचवलंय. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर एजंट शोधणाऱ्या आमच्या भाडेकरूंपेक्षा बराच शहाणा प्राणी! तासही उलटला तर मात्र पत्ता सोडायचा आणि डिस्कव्हरपासून, म्हणजे "कुणी पत्ता देतं का?" या हाकेपासून, पुन्हा सुरुवात.

आणि हो, "राउटर बंद-चालू करा, नवा आयपी मिळेल" यावर फार विसंबू नका. सर्व्हर जुनी नोंद ठेवतो, त्यामुळे बहुतेकदा तोच पत्ता परत हातात पडतो.