तापाचा वास

१८ एप्रिल

भाचीचं लग्न लागलं एकदाचं. मुहूर्त भर दुपारचा, बाहेर ४३ अंश, आणि मंडपात आमच्या रांगेच्या तोंडाशीच तो ढोलाएवढा कूलर. सकाळी निघताना थोरल्या भाच्याने दुबईहून आणलेली बाटली हातात ठेवली. ‘मामा, लावून तर पाहा. दोन दिवस हटत नाही.’ ऊद, केशर, आणखी कायकाय. फुकट मिळालेली वस्तू मोजून वापरायची मला सवय नाही. मानेवर दोनदा, कोटावर दोनदा, मनगटांवर एकेकदा.

घरात बरा वाटलेला वास मंडपात फुगला. तिसरं मंगलाष्टक होईतो कूलरच्या वाऱ्याने तो अख्ख्या रांगेला पोचवला होता. शेजारच्या काकांनी उपरण्याचं टोक नाकाशी धरलं. व्याह्यांकडच्या एक बाई उठून मागच्या रांगेत गेल्या. शेवटी ही कानाशी येऊन म्हणाली, ‘अहो, तुम्ही जरा त्या कूलरसमोरून उठा बरं.’ जेवणात वांग्याची भाजी होती, तिलाही उदाचीच चव. घरी येईपर्यंत माझंच डोकं ठणकायला लागलं.

रात्री दोनदा आंघोळ केली. भाचा शब्दाला पक्का निघाला.

१९ एप्रिल

सकाळी कपाट आवरताना मुलीने दिलेली बाटली सापडली. ती नोकरीनिमित्त जर्मनीत कोलोनला असते. दोन दिवाळ्यांपूर्वी आली तेव्हा माझ्यासाठी निळ्या-सोनेरी लेबलाची ‘४७११’ नावाच्या कोलनवॉटरची बाटली घेऊन आली होती. ‘बाबा, नागपूरच्या उन्हाळ्यात हेच लावा.’ मी बूच उघडून हुंगलं आणि परत लावून टाकलं. कारण सांगितलं नाही तिला. माझ्या नाकाला तो तापाचा वास आहे.

आमच्या लहानपणी कोलनवॉटर ही अत्तराच्या घरची वस्तूच नव्हती. ती औषधांच्या फडताळात, आयोडीन आणि अमृतांजनच्या शेजारी. ताप चढला की आई जुन्या धोतराच्या पट्टीची घडी करायची, पाण्यात चार थेंब टाकायची आणि घडी कपाळावर ठेवायची. मी दुसरीत असताना टायफॉइडने एकवीस दिवस झोपलो होतो. ती लिंबाची झुळूक, त्यामागून अल्कोहोलचा गारवा, डोळ्यांच्या कोपऱ्यात चुरचुर, आणि आईचा हात. हे सगळं एका वासात बसलेलं. ते छातीवर फवारून बँकेत जायचं? नको वाटायचं.

आज मात्र कालच्या उदाचा सूड म्हणून लावलं. आंघोळीनंतर, सदऱ्याच्या आत, छातीवर. आधी लिंबू-संत्र्याची एकदम उसळी, जशी ताज्या संत्र्याची साल दुमडल्यावर चिळकांडी उडते तशी. मग जरा हिरवट, कडवट. मग काहीतरी फुलांचं, साबणाच्या वाटेने गेलेलं. पाऊण तासाने नाक खुपसून शोधावं लागलं. दीड तासात गेलंच.

आणि मला बरं वाटलं! गेलं म्हणून.

जन्मभर बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे यातली मेख कळते. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. हलका रेणू, दहा कर्बाचे अणू, उडायला टपलेला. कातडी तापलेली असली की आणखी लवकर उडतो. म्हणजे उन्हाळ्यात हा वास लावल्याबरोबर जोरात बोलतो आणि लवकर गप्प होतो. ऊद, राळ, कस्तुरीच्या जातीचे रेणू जड. थंडीत ते अंगाशी दबून राहतात, आणि ४३ अंशांत मंडपभर सुटतात. दुकानात आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘टिकतो का हो?’ मीही आजवर हेच विचारत आलो. कालच्या त्या बाई मागच्या रांगेत गेल्या, तेव्हा तो प्रश्न त्यांच्या बाजूने कुणी विचारला असता तर?

या पाण्याचा उगम मुलीनेच सांगितला होता, तेव्हा मी अर्धवट ऐकलं. इटलीतला योहान मारिया फारिना कोलोनला येऊन स्थायिक झाला; १७०९ साली सुरू झालेली त्याच्या घराण्याची पेढी अजून चालू आहे. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं होतं, की मला असा सुगंध सापडलाय ज्याने इटलीतली वसंतातली, पाऊस पडून गेल्यावरची सकाळ आठवते. नव्या गावाच्या नावावरून त्याने त्याला कोलोनचं पाणी म्हटलं. ४७११ हा नंतरचा, दुसऱ्या घराण्याचा. फ्रेंच फौजेच्या ताब्यात शहर असताना घरांना क्रमांक पडले, त्यात ग्लॉकनगासे गल्लीतल्या त्या घराला हा आकडा आला.

गंमत अशी की तेव्हा लोक हे पाणी पीतसुद्धा. पोटदुखीवर, डोकेदुखीवर, कशावरही. १८१० मध्ये नेपोलियनचं फर्मान निघालं, की पोटात घ्यायच्या औषधांची कृती सरकारला कळवा. कृती तर कुणालाच सांगायची नव्हती. तेव्हा कोलोनवाले म्हणाले, छे हो, हे औषध कुठंय, हा नुसता सुगंध! त्यांनी फडताळातून बाहेर काढलेली बाटली माझ्या आईने पुन्हा फडताळात नेऊन ठेवली होती.

२० एप्रिल, रविवार

बाजारात मृग बहाराची शेवटची संत्री. साल सैल पडलेली, पण रस आहे. सोलता सोलता विचार आला, आपण संत्र्याच्या गावचे, आणि ज्याच्यापासून खरं कोलोन होतं ते फळ मात्र पाहिलेलं नाही. बर्गामॉट, लिंबाच्या घराण्यातलं. इटलीच्या टाचेजवळ नव्हे, अगदी बोटांवर, कॅलाब्रियाच्या किनारपट्टीवर जगातलं बहुतेक बर्गामॉट पिकतं. खायला आंबट-कडू, सगळी किंमत सालीतल्या तेलाला. त्यात लिमोनीन कमी आणि लिनालिल ॲसिटेट, लिनालूल ही सुगंधी द्रव्यं भरपूर. लिनालूल आपल्या धण्यातही असतं, म्हणून बर्गामॉट नुसतं आंबट न वाटता मऊ वाटतं. अर्ल ग्रे चहाचा वास तो हाच.

फुलांचा जो भाग वाटला तो नेरोली, कडू संत्र्याच्या फुलांचं तेल. साधारण टनभर फुलं उकळली की किलोभर हाती लागतं. आमच्या सासुरवाडीला काटोलकडे बाग आहे. झाडांना ताण देऊन सोडलं, की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो, आणि संध्याकाळी धुऱ्यावर उभं राहिलं तर तो वास अंगावर येतो. झाड वेगळं, पण घराणं तेच. सासरे म्हणायचे, ‘जावईबापू, बहाराचा वास आला की मला बँकेचं कर्ज आठवतं.’ त्यांच्या नाकात कर्ज, माझ्या नाकात टायफॉइड.

दुपारी कूलरच्या नव्या ताट्या बसवल्या. वाळ्याच्या. मिस्त्री म्हणाला, ‘सर, आता सगळे मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड लावतात, तुम्हीच एक राहिले.’ राहिलो खरा. पाणी सुटलं, पहिला झोत आला, आणि छातीवरच्या उरल्यासुरल्या लिंबाला तो वाळा असा येऊन मिळाला की मी खुर्चीत उठून बसलो. मागे एकदा मॉलमध्ये आमच्या लेकीने एक भारी फ्रेंच अत्तर कागदाच्या पट्टीवर हुंगायला दिलं होतं, जाँ-क्लोद एलेना यांनी २००६ मध्ये केलेलं, संत्रं आणि वाळा यांच्या जोडीचं. तेव्हाच मी म्हटलं होतं, ‘अगं, हा तर आपला कूलर!’ दुकानातली मुलगी कसनुशी हसली. किंमत ऐकून मी हसलो नाही.

लिंबाच्या वासाला जास्त वेळ उभं कसं ठेवायचं, यावर या लोकांनी पुष्कळ डोकं लावलंय. १९६६ च्या ‘ओ सोवाज’ या फ्रेंच अत्तरात एद्मों रूदनित्स्का यांनी हेडिओन नावाचा जाईच्या वळणाचा कृत्रिम रेणू घातला, त्याने लिंबाभोवती हवा खेळती राहते म्हणतात. छानच असणार. आमच्याकडे ते काम ताट्या करतात, दोन तासांनी पाणी मारलं की झालं.

२३ एप्रिल

रोजचा बेत बसला. सकाळी छातीवर आणि रुमालावर. मानेवर नाही, कारण बर्गामॉटमध्ये बर्गाप्टीन असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की डाग पडू शकतात. आता बहुतेक तेलातून ते काढून टाकतात, पण लिंबू पिळलेल्या हातांनी उन्हात बसून चट्टे उठलेले मी पाहिलेत, म्हणून पथ्य पाळतो. बाटली फ्रिजच्या दारात, पन्ह्याच्या शेजारी. उष्णतेने आणि उजेडाने लिमोनीन बिघडतं हे खरं कारण. गार लागतं हे माझं कारण.

बँकेत रांगेत उभा होतो. रुमालाने घाम पुसला. पुढच्या तरुणाने मान वळवून पाहिलं आणि परत वळला. कुणी उठून मागे गेलं नाही.

२७ एप्रिल

ही सकाळी सहापासून गच्चीवर कुरडया घालत होती. दहाला खाली आली ती लालबुंद, डोकं धरून. झोप म्हटलं. न विचारताच रुमालाची घडी केली, गार पाण्यात चार थेंब टाकले, कपाळावर ठेवली. तिने डोळे मिटले. ‘तुमच्या आई ठेवायच्या ना अशी?’ हो म्हटलं. थोडा वेळ दोघंही बोललो नाही. घडी कोरडी झाली, पुन्हा भिजवली.

‘कपाळ धुऊन मग वर जा,’ मी म्हटलं, ‘त्यात बर्गाप्टीन...’

‘शिकवू नका. पापडाचं पीठ राहिलंय.’

रात्री मुलीचा फोन. ‘बाबा, उघडली का बाटली एकदाची?’

‘पाव संपली.’

‘आठवड्यात? आंघोळ करता का काय तिने?’

मी काही बोलायच्या आत ही मागून ओरडली, ‘टिकतच नाही मेलं! येताना मोठी आण.’