प्रेमाच्या कादंबऱ्या अजून का वाचता? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही गणिताच्या शिक्षिका, आणि हे असलं वाचता?" स्टाफरूममध्ये विचारून झालं, यावलच्या एसटीत विचारून झालं, वाचनालयाच्या काउंटरवर माझ्या हातातलं पुस्तक वाकून बघत एका गृहस्थांनी विचारलं, जावयांनी जेवता जेवता विचारलं. निवृत्त झाल्यावर प्रश्नाचं रूप थोडं बदललं. "आता वेळच वेळ आहे, तर काही चांगलं वाचा ना." आजवर मी विषय बदलत आले. आता नीट सांगते, कारण या प्रश्नामागे आमच्या घरातला एक दुसरा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत आहे.

आधी तुमचं जे म्हणणं मलाही पटतं ते. या कादंबऱ्यांत योगायोग फार असतात. चिठ्ठी नेमकी नको त्या हातात पडते. एका वाक्यात मिटला असता असा गैरसमज दीडशे पानं चालतो. गाडी बंद पडते ती पावसातच, आणि जवळ ओळखीच्याचा बंगला असतोच. नायक माजोरडा असला तरी मनाने सोनं, हे पहिल्या प्रकरणात कळतं आणि नायिकेला शेवटच्या. हल्लीच्या मुली मोबाइलवर जे हप्त्याहप्त्याने वाचतात त्यात बंगल्याच्या जागी कंपनी आली आहे आणि इनामदारांच्या मुलाच्या जागी कंपनीचा मालक. बाकी फारसं हललेलं नाही.

आणि एक गोष्ट मला आज अजिबात सहन होत नाही. नायक चिडून नायिकेच्या कानाखाली मारतो, ती रडत खोलीत जाते, आणि लिहिलेलं असतं की त्या क्षणी तिला त्याच्या प्रेमाची खोली कळली. असं पान आलं की मी पुस्तक मिटते. पण वीस-बावीस वर्षांची असताना हीच पानं मी परत मागे जाऊन वाचायचे. त्या मुलीशी माझा वाद अजून चालू आहे. मी तिला म्हणते, मारलं ते मारलं, त्याला प्रेम म्हणू नकोस. ती म्हणते, मारणारे तर आपल्या गल्लीत घरोघर होते, मारल्यावर पश्चात्तापाने रात्रभर जागणारा मला फक्त या पुस्तकात भेटला, मी त्याच्यासाठी वाचत होते. यावर तिला काय सांगायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

पण "असलं" या शब्दाला माझा आक्षेप आहे. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली मिळालं ते खांडेकरांच्या 'ययाति'ला. स्त्री-पुरुषांची ओढ, मत्सर, वासना, हाच तिचा विषय. पुराणातल्या राजाची वासना असली की साहित्य होतं, आणि गिरगावातल्या टायपिस्ट मुलीची असली की "असलं". प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली तिथे ते निर्दोष ठरले. न्यायालयाने ती कथा वाचून मत दिलं. मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी यातलं एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आहे? "रिकामटेकड्या बायकांनी रिकामटेकड्या बायकांसाठी लिहिलेलं" असं एकदा एका सहकाऱ्याने मला ऐकवलं होतं. सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या. योगिनी जोगळेकर शास्त्रीय संगीत गाणाऱ्या होत्या. त्यांची पुस्तकं आमच्या तालुक्याच्या वाचनालयात इतकी फिरली होती की मूळ मुखपृष्ठं कधीच गेलेली, कापडी बाइंडिंगवर शाईने नाव लिहिलेलं. ती नेणाऱ्या बायका पहाटे उठून पाणी भरायच्या, शेतावर भाकरी पोचवायच्या, आणि पुस्तक साडीच्या घडीत ठेवायच्या.

मी काय शोधते? एवढंच, की दोनशे पानं कुणीतरी एका मुलीच्या मनात काय चाललं आहे याची चौकशी करत असतं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरात मला पोटभर जेवण होतं, शिक्षण मिळालं, वडिलांनी कधी हात उगारला नाही. तरीही माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा वाटला हे मला कुणी विचारलं नाही. न विचारण्यात दुष्टपणा नव्हता, तसा प्रश्न असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझा संसार चांगला झाला, हेही सांगून ठेवते. नाहीतर उद्या म्हणाल, सुखी नव्हती म्हणून वाचत होती.

आणि "चांगलं" मी वाचलेलं आहे. ग्रामीण कादंबऱ्या वाचल्या, दलित आत्मकथनं वाचली, त्यांनी मला हलवून सोडलं. पण आमच्यासारख्या गावातली बाई त्या चांगल्या पुस्तकांत एक तर सोसते, नाहीतर विहिरीपर्यंत जाते. तिला हवं ते मिळाल्याचं मला क्वचितच वाचायला मिळालं. सत्य तसंच असेल. पण संध्याकाळी सहाला घरी आल्यावर मला दररोज विहिरीपर्यंत जायचं नसतं.

आता तो दुसरा प्रश्न.

माझी भाची धुळ्याला फार्मसी शिकली आणि तिथेच एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. तिचं वर्गातल्या एका मुलावर प्रेम होतं. मुलाची जात आमच्याहून वेगळी, आणि आमच्याकडे जिला खालची म्हणतात ती. जात इथे लिहीत नाही, लिहिली तर त्या दोघांची ओळख पटेल. तिने हे सगळ्यात आधी मला सांगितलं. मी म्हटलं, घाई करू नको, आधी दोघांच्या नोकऱ्या पक्क्या होऊ देत. तिने ऐकून घेतलं आणि तिला करायचं ते केलं.

कादंबरीत रजिस्टर लग्न एका परिच्छेदात होतं. मैत्रीण हार आणते, दोन सह्या होतात, संध्याकाळी नायिका सासरी. खरं तसं नसतं. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्याप्रमाणे आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, आणि तीस दिवस वाट बघावी लागते. दोघांची नावं आणि पत्ते तीस दिवस सगळ्यांना दिसतात. मग तीन साक्षीदार. धुळ्याला आमच्या नात्यातले एकजण जमिनीच्या खरेदीखतासाठी गेले होते. रांगेत उभं राहून कंटाळले, भिंतीवरचे कागद वाचू लागले, आणि त्यांनी माझ्या भावाला फोन लावला.

अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर होती. भावाच्या दोन्ही मोठ्या मुली माहेरी आल्या होत्या, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता, सांजोऱ्या तळून डबे भरले होते. तो फोन ठेवून भाऊ तसाच निघाला आणि दुपारी जळगावला माझ्या दारात उभा राहिला. बरोबर चुलतभाऊ. पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाला, "तुन्हा पुस्तकेस्नी पोर बिघाडी."

मी काही बोलायच्या आत तो आतल्या खोलीत गेला आणि कपाट उघडलं. मला वाटलं, आता अंगणात नेऊन जाळतो. त्याने तसं काही केलं नाही. एक एक पुस्तक काढून पलंगावर ठेवलं, हळूच, देवाची पोथी ठेवतात तसं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कोनता पानवर लिखेल शे? दखाड माले."

माझा भाऊ सातवीपर्यंत शिकला. कापसातलं त्याला सगळं कळतं, बोंडाकडे बघून तो अळी सांगतो. पण कादंबरी त्याने उभ्या आयुष्यात हातात धरली नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की यातल्या कुठल्यातरी पानावर ते लिहिलेलं असणार, घरातून कसं निघायचं, नोटीस कुठे द्यायची, बापाला कसं फसवायचं. आणि मी ते पान दाखवलं की त्याला निदान कळेल, आपल्या मुलीला काय झालं.

मी पलंगावर बसले आणि शोधू लागले. का शोधू लागले, ते विचारू नका. चुलतभाऊ दारात उभा, माझे यजमान पंख्याखाली गप्प, आणि मी पानं उलटतेय. शेवटी एका कादंबरीत रजिस्टर लग्नाचं प्रकरण सापडलं. ते मी मोठ्याने वाचलं. हार, सह्या, टॅक्सी, मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "पोरनी जात कोनती शे?"

मी मागची पानं चाळली. नायक इनामदार, नायिका सरदेसाई. एक श्रीमंत, एक गरीब. बापाने घेतलेली शपथ होती, जुनं भांडण होतं, नायिकेच्या आजारपणाची भीती होती. जात नव्हती. दुसरं पुस्तक घेतलं, त्यातही नव्हती. तिसरं उघडायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं मी या पुस्तकांत वावरले आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या गावात जी एक गोष्ट दोन माणसांना खरोखर अडवते, तिचा त्यात उल्लेखच नव्हता.

मी म्हटलं, "भाऊ, जात लिहिलेली नाही."

तो म्हणाला, "मंग हाई सगळं खोटं शे." आणि पलंगाच्या कडेला बसून रडला. "लोकेस्ले काय सांगू मी?" एवढंच परत परत म्हणत होता.

नंतर कितीतरी दिवस मी मनातल्या मनात त्याला उत्तरं दिली. भाऊ, आधी म्हणालास पुस्तकांनी पोर बिघडवली, मग म्हणालास पुस्तकात ते नाहीच. दोन्ही एकदम खरं कसं असेल? गणिताच्या तासाला असं उत्तर मी फळ्यावर चालू दिलं नसतं. शिवाय पोरीने माझं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. एकदा तिला दिलं होतं, तिने वीस पानांत परत केलं. "आत्या, यात सगळे बंगल्यात राहतात," म्हणाली. पण रडणाऱ्या माणसाला हे कसं ऐकवायचं?

त्याच दिवशी मी तिला फोन लावला. ती मैत्रिणीकडे होती. "आत्या, तू कोणाच्या बाजूने आहेस?" तिने विचारलं. कादंबरीतली आत्या इथे दोन ओळींत बाजू घेते. मी विचारलं, "जेवलीस का?" ती हो म्हणाली. मग दोघी गप्प.

भावाने वकील गाठला. वकिलाने सांगितलं, हरकत घेता येते ती वय कमी असेल, आधीचं लग्न मोडलेलं नसेल, मनाने संमती देण्याच्या स्थितीत नसेल किंवा निषिद्ध नातं असेल तर. जातीवर हरकत घेता येत नाही. तीस दिवस भरले, लग्न झालं. आमच्या घरचं कुणी गेलं नाही, मीही गेले नाही. भावाला त्या दिवशी एकटं ठेवणं मला जमलं नसतं. ते बरोबर होतं असं मी कधी म्हणते, आणि कधी म्हणत नाही. भाची आता नाशिकला असते, तिला मुलगी आहे. वहिनी दुपारी भाऊ शेतात गेला की तिला फोन करते. भाऊ पोरीचं नाव घेत नाही.

आता सांगा, मांडवात चार जणींसमोर तुम्ही हसत हसत "अजून वाचता का त्या कादंबऱ्या?" म्हणता, तेव्हा मला काय ऐकू येतं? नात्यात आजही "हिच्या पुस्तकांनी" असं बोललं जातं. बोलणाऱ्यांतल्या कुणी पुस्तक उघडलेलं नाही. ज्याने ते उघडायला लावलं तो एकटा माझा भाऊ. त्याच्याइतकी नेमकी टीका मी कुठल्या समीक्षकाची वाचलेली नाही.

तरीही एक गोष्ट मला सोडत नाही. पोरगी आईकडे न जाता माझ्याकडेच का आली? मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "तू एवढं प्रेमाचं वाचतेस, तुला राग येणार नाही असं वाटलं." म्हणजे पुस्तकांनी तिला काही केलं नाही, पण मला काहीतरी केलं होतं, आणि ते तिला दिसत होतं. मग भाऊ अगदीच चुकीचा होता का? मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं आहे. माझ्या रागावर विश्वास ठेवून कुणी माझ्याकडे आलं असतं तर मला बरं वाटलं असतं का? नाही. पण माझ्यामुळे भावाच्या अंगणातला झोका त्या वर्षी कुणी हलवला नाही, हेही खरं आहे. की माझ्यामुळे नाहीच?

काही महिने माझ्याने वाचणं झालं नाही. मग परत वाचू लागले. आता मी आधी आडनावं बघते. नायक-नायिकेची आडनावं एकाच घरंदाज गावची निघाली की पुढचे गैरसमज आणि शपथा वाचताना मी उतावीळ होते, अरे तुम्हाला अडवतंय कोण? तरी शेवटी ती त्याच्या दारात उभी राहते तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी खोटं आहे असं मला कुणी सांगू नये.

मला हवी असलेली कादंबरी वेगळी आहे. मुलगी पारोळ्याची किंवा चोपड्याची असावी. घरात अहिराणी बोलत असावेत. दोघांची आडनावं, दोघांच्या जाती पहिल्या प्रकरणात याव्यात. मग ती नोटीस लागावी, आणि पुढची सगळी कादंबरी त्या तीस दिवसांची असावी. कोण कधी तो कागद वाचेल, यात केवढा ताण आहे! त्यात मुलीचा बापही असावा, त्याला खलनायक करू नये. आणि शेवटी मुलीला हवं ते मिळावं. ते मात्र कुणी काढून घेऊ नका, चांगलं साहित्य व्हावं म्हणूनसुद्धा नाही. अशी कुणी लिहिली असेल तर मला कळवा, मी वाचनालयाला मागवायला लावते. आणि आलीच, तर पहिल्यांदा भावाला वाचून दाखवेन. तो बसून ऐकेल की उठून जाईल, ते मात्र मला सांगता येत नाही.