मुदतीला कोणी काय फासलं?

मागच्या महिन्यात इथल्या, म्हणजे स्टुटगार्टच्या, एका कार्यालयातून पत्र आलं. अर्ज मीच उशिरा धाडला होता, त्यामुळे तक्रार नाही. पण त्यातल्या एका जर्मन वाक्यावर अडले: 'दी फ्रिस्ट इस्ट फरश्ट्रिशन.' फ्रिस्ट म्हणजे मुदत. 'श्ट्रिशन' हे 'श्ट्रायशन' या क्रियापदाचं रूप, आणि ते मला माहीत होतं ते स्वयंपाकघरातलं: पावावर लोणी फासणं. भिंत रंगवणं तेही श्ट्रायशन, यादीतून नाव खोडणं तेही. काडेपेटीतली काडी म्हणजे श्ट्राइशहोल्त्स, घासायचं लाकूड! मग मुदतीला कोणी काय फासलं? (चुना, असं नवरा म्हणाला.)

रात्री ग्रिम बंधूंचा शब्दकोश उघडला. परीकथावाले तेच हे. 1838 मध्ये त्यांनी काम हाती घेतलं, ते संपलं 1961 मध्ये. याकोब ग्रिम 1863 मध्ये गेले तेव्हा गाडी अजून 'एफ'मध्येच होती. काळाविषयीचा शब्द शोधायला याहून योग्य जागा कुठली!

तर श्ट्रायशनचा आणखी एक जुना अर्थ आहे: जाणं, भटकणं. तो अजून बोलण्यात आहे. गावोगाव भटकणाऱ्या माणसाला लांटश्ट्रायशर म्हणतात. क्रियापदाच्या आधी 'फर' लागलं की अनेकदा क्रिया शेवटाला जाते. ब्ल्यूअन म्हणजे फुलणं, फरब्ल्यूअन म्हणजे कोमेजणं. तसंच फरश्ट्रायशन: काळ चालत चालत निघून गेला. फासाफाशीचा संबंध नाही.

आणि मग एकदम लक्षात आलं, आपलं 'सरणे' तरी काय वेगळं आहे? लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी आपण 'जरा सरा हो' म्हणतो, आणि डब्यातली साखर सरते, दिवसही सरतात. संस्कृतात 'सृ' म्हणजे चालणं, वाहणं. हलणं आणि संपणं आपण एकाच शब्दात बसवलंय, वर 'फर'ही लावावं लागत नाही. वर्षं मात्र आपल्याकडे लोटतात, दुपार टळते, आणि मुदत उलटते. ती का उलटते हे मी इथल्या मैत्रिणीला समजावू पाहिलं. हातातली बशी पालथी करून दाखवली. तिला वाटलं, चहा नको आहे.

परवा बागेत बाकावर पाटी होती: 'फ्रिश गेश्ट्रिशन'. बसले नाही. हा मात्र खराच रंग होता, ओला.