उपकेंद्राची इमारत झाली, कुलूप का निघत नाही?

मेळघाटात काय नि एटापल्लीकडे काय, रंग दिलेलं आरोग्य उपकेंद्र बंद दिसलं की लोक कंत्राटदाराला बोल लावतात. आधी लेखाशीर्ष पाहा, म्हणजे सरकारी हिशेबात तो खर्च कोणत्या क्रमांकाखाली पडतो ते. आरोग्याच्या बांधकामाचा पैसा ४२१० खाली, पगार आणि औषधांचा २२१० खाली. पहिला मिळाला म्हणून दुसरा आपोआप येत नाही. पदनिर्मितीची फाईल वेगळी, तिला वित्त विभागाची मान्यताही वेगळी. बाळंतीण मात्र त्याच बंद दारावरून पुढे नेली जाते, हे फार वाईट आहे.

अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे प्रत्येक खात्याने अर्थसंकल्पात मागितलेल्या खर्चावर, मतदान विधानसभेत होतं. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मंजूर होतात. त्यामुळे मार्चमध्ये आमदाराकडे धावून फारसं साधत नाही. विभागाचे अंदाज तयार होतानाच, दिवाळीच्या सुमारास, मागणी गेली पाहिजे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणीतून, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा खर्चातून, काम मिळू शकतं. पण प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश एवढं उरकेपर्यंत ३१ मार्च येतो आणि न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो.

विधिमंडळाच्या समित्या खर्च झाल्यावर हिशेब विचारतात. लोकलेखा समिती कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालावरून सचिवांची साक्ष घेते. पंचायतराज समिती जिल्हा परिषदेत येऊन तपासते. त्या पैसा देत नाहीत, शिफारस करतात. तरी त्यांना निवेदन जरूर द्या, त्यात एवढं लिहा: लेखाशीर्ष, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व तारीख, इमारत ताब्यात घेतल्याची तारीख, रिक्त पदं. ‘आरोग्यसेवा सुधारा’ एवढंच लिहिलेलं निवेदन फाईलीतच राहतं.