स्लॅब बघायला भरल्यावर कशाला बोलावता?

ओळखीत कुणाचं घर उभं राहत असलं की मला हमखास फोन येतो. "काका, स्लॅब पडलाय, जरा बघून सांगा कसा झालाय." आयुष्य बांधकामावर सुपरवायझरी करण्यात गेलं, त्यामुळे नाही म्हणवत नाही. जाऊन बघावं तर वर सगळं गुळगुळीत, आळी करून पाणी भरलेलं. मालक टाच आपटून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, एकदम कडक!" टाचेला तर कुठलंही चार दिवसांचं काँक्रीट कडकच लागतं. रंगावरूनही काही कळत नाही, तो सिमेंटप्रमाणे आणि वाळूप्रमाणे बदलतो. म्हणून हल्ली मी उलटच विचारतो, भरायच्या आदल्या दिवशी का नाही बोलावलंत?

आदल्या दिवशी लोखंड उघडं असतं. मी आधी खाली वाकून बघतो, सळई फळीपासून किती उचलली आहे ते. घराच्या साध्या स्लॅबला खालून निदान 20 मिमी कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, हवं, आणि ते सिमेंटच्या नाहीतर प्लास्टिकच्या कव्हर ब्लॉकवर. खडीचा खडा किंवा विटेचा तुकडा सरकवून दिलेला दिसला की मी तिथेच थांबतो. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यात सळई गंजत नाही. कव्हर कमी पडलं की हवा आणि ओल तिच्यापर्यंत लवकर पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि मग काही वर्षांनी छताचे पोपडे सळईसकट खाली येतात. तेव्हा ठेकेदाराला शोधून उपयोग नसतो.

त्याहून जास्त जीव माझा बाल्कनीत अडकतो. मधल्या खोलीच्या स्लॅबमध्ये ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. बाहेर लटकणाऱ्या बाल्कनीत, छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिथे सळई वर. ती वर राहावी म्हणून तिच्याखाली लोखंडाच्या चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, लावतात. आता भरायच्या दिवशी काय होतं? घमेली घेऊन माणसं त्याच सळ्यांवरून जा-ये करतात आणि सळई दबते. समजा स्लॅब 125 मिमी जाड आहे आणि वरची सळई खालच्या पृष्ठापासून 100 मिमीवर असायला हवी होती. ती 25 मिमी दबली, तर बाल्कनीची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने गेली. लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, बिल तेवढंच, आणि वरून बघणाऱ्याला काडीचाही फरक दिसत नाही. चेअर भरपूर लावायच्या, चालायला फळ्या टाकायच्या आणि काँक्रीट पुढे सरकेल तसतशी सळई उचलून घ्यायला एक माणूस ठेवायचा. लोखंड बांधणारा फिटर कुरकुरतो. कुरकुरू द्या.

इलेक्ट्रिकचे पाइपही याच वेळी बघून घ्या. एकाच जागी चार-पाच पाइप चिकटून आणि एकमेकांवर चढवून नेले असतील, तर तिथे स्लॅब नसतोच, नुसते पाइप असतात. ते सुटे करून घ्यावेत.

आता पाणी. माझ्या मते निम्म्याहून जास्त स्लॅब पाण्याने बिघडतात, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने 1918 साली दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते: पाणी वाढलं की ताकद उतरते. 50 किलोच्या गोणीतलं सिमेंट रासायनिक क्रियेत साधारण 12 लिटरच पाणी बांधून ठेवतं. बाकीचं पाणी घालतो ते मिश्रण हलावं, पसरावं म्हणून. ते पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवून जातं. गोणीला 25 लिटर ठरलं असताना 30 घातलं, तर ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने जाते. आणि मिक्सरवाला ते पाच लिटर मोजत नाही, बादली उलटी करतो. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही हिशेबात धरायचं असतं, हे तर त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पाणी जास्त झालंय का, हे बघायला स्लम्पचा पत्र्याचा शंकू पुरतो. उंची 300 मिमी, खाली 200 आणि वर 100 मिमी व्यास. तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईने 25 टोचे, मग शंकू सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. व्हायब्रेटर, म्हणजे थरथरवून मालातली हवा काढणारं यंत्र, लावणार असाल तर घराच्या स्लॅबला 75 ते 100 मिमी पुरतं. पंपाने चढवायचं तर जास्त सैल लागतं, पण तो सैलपणा प्लास्टिसायझरने, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाने, आणायचा, पाइपने पाणी मारून नाही. गाडीतून तयार काँक्रीट येत असेल तर डोळा त्या पाइपवरच ठेवा. कामगारांना पातळ माल आवडतो कारण तो आपोआप पसरतो. त्यांच्या जागी मलाही आवडला असता.

व्हायब्रेटरचं थोडक्यात: नीडल, म्हणजे त्याची थरथरणारी दांडी, उभी घालायची, बुडबुडे येणं थांबलं की सावकाश काढायची, तिने माल ओढत न्यायचा नाही. काँक्रीटमध्ये पाच टक्के हवा अडकून राहिली तरी ताकद तीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते, त्यामुळे आवाजाचा त्रास होतो म्हणून व्हायब्रेटर बंद करायला सांगू नका.

क्यूबबद्दल, म्हणजे त्याच मालाचे चाचणीसाठी भरलेले ठोकळे, त्यांच्याबद्दल मात्र माझं मत जरा वाकडं आहे. भरतानाच 150 मिमीचे क्यूब भरून घ्यावेत, पाण्यात ठेवावेत, काही 7 दिवसांनी आणि काही 28 दिवसांनी फोडावेत, यात वाद नाही. एम-20 काँक्रीटचा अर्थच 28 दिवसांनी दर चौरस मिमीला 20 न्यूटन, म्हणजे त्या एका क्यूबवर साधारण 45 टनांचा भार. सात दिवसांनी याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आलं तर गाडी रुळावर आहे. पण क्यूब सांगतो तो माल कसा होता ते; तुम्ही तो कसा भरला आणि त्याला पाणी दिलंत का, हे क्यूबला माहीत नसतं. ठेकेदार रिपोर्ट पुढे करतो तेव्हा मी एवढंच विचारतो: क्यूब मिक्सरच्या कुठल्या खेपेतून भरले आणि भरताना मालक तिथे होता का?

पाणी देणं, म्हणजे क्युरिंग, निदान सात दिवस. राख मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर दहा ते चौदा. भरल्याच्या दिवशी ऊन-वारा लागला तर काही तासांतच वर आखूड आखूड चिरा पडतात. त्या पाहून मालकाची झोप उडते. बहुतेक वेळा तो पृष्ठभागाचा प्रश्न असतो आणि वेळेत झाकलं असतं तर टळला असता. मला भीती वाटते ती वेगळ्या चिरेची: खोलीच्या मध्यावर खालून दिसणारी, किंवा बाल्कनीच्या मुळाशी वरून दिसणारी. अशा चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. खुणेपुढे सरकली तर इंजिनिअरला बोलवा, गिलाव्याने बुजवू नका.

सेंट्रिंग, म्हणजे खालचा फळ्यांचा आधार, उघडलं की खालची बाजू ताबडतोब बघायची. इथे एक गंमत चालते. मालक यायच्या आत कुणीतरी सिमेंटची स्लरी फासून ठेवतो. म्हणून आधीच बजावून ठेवा की मी बघेपर्यंत छताला कुणी हात लावायचा नाही. खडी उघडी पडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते का, सळई डोकावते का, काम मध्येच थांबल्याने जुन्या-नव्या मालात रेघ पडली आहे का, ते बघा. हातोडीने हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज बरा. बदबद आवाज आला तिथे खडूने गोल करा.

एवढं करूनही शंका उरलीच तर यंत्रं आहेत. आपटून उसळी मोजणारा रिबाउंड हॅमर फक्त वरच्या पातळ थराचा कडकपणा सांगतो, त्याच्या एकट्याच्या आकड्यावर मी भांडण करणार नाही. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला 4.5 किमीच्या वर गेला तर काँक्रीट उत्तम, 3 च्या खाली गेला तर शंकास्पद. खरा निकाल कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेला गोल तुकडा, काढून तो फोडूनच लागतो: सगळ्या कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के आणि कुठलाही एक 75 टक्क्यांच्या खाली नको. कोअरची जागा ठरवताना आधी कव्हर मीटरने सळ्या कुठे आहेत ते शोधून घ्या, नाहीतर तपासणीतच मुख्य सळई कापली जाते, आणि भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवून घ्या.